न उडालेल्या डोमकावळ्याचा पॅटर्न

बेळगाव, जून ते नोव्हेंबर २०२४

१२ जून

पाऊस लागला. मागच्या पडवीतलं बेंच पुसून घेतलं, वाइसला तेल दिलं, पटाश्या दगडावर लावल्या. पॅटर्न शॉपमध्ये प्रत्येक कामाचं जॉबकार्ड असायचं, तशी ही वही.

जॉब: जर्मन लढाऊ विमान फोके-वुल्फ टा-१८३. प्रमाण १:२०. लाकूड शिवण.

हे विमान कधी उडालं नाही. पुरं बांधूनही झालं नाही. १९४५च्या मे महिन्यात पहिलं उड्डाण करायचं ठरलं होतं. ८ एप्रिललाच ब्रिटिश सैन्याने कारखान्याचा ताबा घेतला आणि मागे राहिले ते कागद.

उद्यमबागेत ४१ वर्षं मी पॅटर्नमेकर होतो. नातू ही वही वाचेल म्हणून सोपं करून लिहितो. फौंड्रीत लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिचं लाकडी रूप करावं लागतं. ते वाळूत दाबायचं, काढायचं, उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. वाळूतून सहज निघावं म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा, त्याला ड्राफ्ट म्हणतात. ते लाकडी रूप म्हणजे पॅटर्न. पंपाची बॉडी, गिअरबॉक्सचं झाकण, व्हॉल्व्ह, मोटरचे पाय, सगळं आधी माझ्या हातून लाकडात झालं आणि मागून लोखंडात आलं. या विमानाचा पॅटर्न कागदावर होता, ओतकाम झालंच नाही. ते लाकडापर्यंत तरी आणायचं, एवढ्यासाठी हा जॉब.

दुसरं कारण मामांचं. थोरले मामा बेंगळूरला एचएएलमध्ये, म्हणजे विमानांच्या सरकारी कारखान्यात, सुतारखात्यात होते. सुट्टीला शहापूरला आले की सांगायचे, "आमी आख्खं इमान लाकडाचं केलं. इंजिन न्हाई, काय न्हाई. दुसऱ्या इमानानं वडत न्हेलं आन् वर सोडलं." आम्हा पोरांना ती थाप वाटायची. पुष्कळ वर्षांनी कळलं की मामा खरं बोलत होते. मारुत या आपल्या पहिल्या जेट लढाऊ विमानाआधी एचएएलने त्याच आकाराचं, पूर्ण मापाचं लाकडी ग्लायडर केलं होतं. नाव एक्स-२४१. १९५९ साली डाकोटा या मालवाहू विमानाने ओढून ते वर नेलं. इंजिन बसवण्याआधी विमानाचा हवेतला स्वभाव कळावा म्हणून. मारुतचे मुख्य रचनाकार कुर्ट टांक. टा-१८३मधलं 'टा' हे त्याच टांक यांच्या नावातलं. हे समजलं तेव्हा मामा हयात नव्हते.

१६ जून

पुण्याहून मुलाने तीन बाजूंची रेखाचित्रं पाठवली. टिळकवाडीत मोठ्या कागदावर छापून आणली.

यात एक पेच आहे. एकाच नावाचे दोन आराखडे मिळतात. एकात पंख ४० अंश मागे झुकलेले, उभं शेपूट लांबलचक आणि पार माथ्यावर आडवी शेपटी, इंग्रजी टी अक्षरासारखी. दुसऱ्यात पंख ३२ अंश मागे, कॉकपिट आणि पंख दोन्ही जरा मागे सरकलेले, शेपटी खाली एका आखूड दांड्यावर. उडालेलं विमान असतं तर फोटो बघून निकाल लावता आला असता. इथे दोन्ही कागद सारखेच खरे.

मी पहिला घेतला. त्याची रचना टांक यांच्या हाताखालच्या हान्स मुल्टहॉप यांची. त्याला टोपणनाव होतं हुकेबाइन, जर्मन मुलांच्या चित्रकथेतला खोडकर डोमकावळा. पुढे बोथट तोंड, आखूड जाड अंग, मागे ती उंच शेपटी. कागद भिंतीवर लावला तर खरंच कुंपणावर बसलेला डोमकावळा दिसतो.

१९ जून

छापलेल्या कागदावर मापं घ्यायची नाहीत, ही जुनी शिस्त. यंत्रातून निघताना कागदाचं माप बदलतं. व्हर्निअर लावला, पंखविस्तार ५००ऐवजी ४९७ भरला. म्हणून प्लायवूडवर नवा लेआउट काढला.

मूळ मापं: पंखविस्तार १० मीटर, लांबी ९.२० मीटर, पंखांचं क्षेत्रफळ २२.५ चौरस मीटर. १:२०ने विस्तार ५०० मिलिमीटर, लांबी ४६०. प्रतिकृतीवाले २४ किंवा ३२चं प्रमाण घेतात. मला २० सोयीचं, कारण माझ्या बेंचवरचा १ मिलिमीटर म्हणजे विमानाचे २ सेंटिमीटर. हिशेब तोंडी होतो.

लेआउट काढताना एक गोष्ट उलगडली. नुसतं चित्र पाहिलं की पंख फार पुढे, जवळजवळ नाकाजवळ लावलेत असं वाटतं. पण ४० अंशाची रेघ मधल्या अक्षापासून मारत नेली, तर २५० मिलिमीटर बाहेर जाईस्तोवर ती २१० मिलिमीटर मागे जाते. अख्ख्या विमानाची लांबीच ४६०. पंखाचं टोक इतकं मागे पडतं, तर सगळ्या पंखाची मिळून उचल अंगाच्या मध्यावर यायला मूळ पुढेच घ्यावं लागतं. ज्याने हे ठरवलं त्याने पेन्सिल माझ्यासारखीच धरली असणार, असं वाटून गेलं.

२४ जून

लाकूड. सागवान घरात होतं, पण सागाला वजन आणि तेल, बारीक कडेला चिकटवण धरत नाही. खानापूरच्या वखारीतून ६ वर्षांपूर्वी आणलेल्या शिवणेच्या दोन फळ्या माळ्यावर होत्या. शिवण हलकी, पटाशीला मऊ, आणि मुख्य म्हणजे एकदा वाळली की पावसाळ्यातही फारशी हलत नाही. चांगल्या पॅटर्नसाठी आम्ही तीच मागायचो. मोठी फळी उतरवली. रंधा मारला तर आतून फिकट पिवळी, गाठ नाही.

२ जुलै

मोठी चूक सापडली. डावा पंख घासून तयार झाला आणि मधल्या रेघेपासून मोजला तर २५२.५ मिलिमीटर. उजवाही तेवढाच. लेआउट परत तपासला, तोही तेवढाच.

दोष पट्टीचा. मी कॉन्ट्रॅक्शन स्केल वापरली होती. बिडाचं लोखंड थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी मुळातच तेवढी लांब असते. तिच्यावरचे १०० म्हणजे खरे १०१. चाळीस वर्षं हात त्याच पट्टीकडे गेला, तसा आताही गेला. म्हणजे मी हे विमान बिडात ओतायच्या हिशेबाने मोठं केलं होतं.

दिवसभर विचार केला की तसंच ठेवावं का. सगळीकडे सारखंच १ टक्का वाढलं तर आकार बिघडत नाही. पण प्रमाण १:२० असं लिहिलं की ते १:२० असलं पाहिजे. लेआउट पुसून साध्या स्टीलपट्टीने पुन्हा काढला. पंख नवे करणार. कॉन्ट्रॅक्शन स्केल कपाटात वरच्या खणात ठेवली.

१३ जुलै

चार दिवस सूर्य नाही. पंख अखंड फळीतून काढले होते, उजवा टोकाशी ३ मिलिमीटर पिळला. शिवणही इतक्या ओलीत शेवटी हलली. पंख आता तीन पातळ थरांचे. मधल्या थराचे तंतू थोडे तिरपे ठेवून चिकटवले, सपाट काचेवर वजनाखाली दोन रात्री. मूळ विमानाचे पंखही लाकडाचेच करायचे होते: आत धातूचा कणा, त्याला लाकडी फासळ्या, वरून प्लायवूड. पंखातच इंधनाच्या टाक्या. १९४५पर्यंत जर्मनीत ॲल्युमिनियमची टंचाई होती, सुतार मात्र होते.

२१ जुलै

अंग. हे काम मनासारखं झालं.

विमानाचं तोंड म्हणजे एक गोल भोक. हवा तिथून आत शिरते, वैमानिकाच्या बुडाखालून जाते आणि मागच्या इंजिनाला मिळते. इंजिन हाइंकेलचं हेएस ०११, ठरलेला रेटा १,३०० किलो. म्हणजे अंग आतून पोकळ पाहिजे आणि ती पोकळी पुढून डोळ्यांना दिसणार. बाहेरचे बरेच जण पुढे दोन इंच कोरून काळा रंग मारतात. मी ते करणार नव्हतो.

अंग दोन फाकींत केलं, उभी पार्टिंग लाइन (दोन फाकी मिळतात ती रेघ), मधे चार डॉवेल (जुळवणीच्या खुंट्या). पंपाच्या बॉडीचा स्प्लिट पॅटर्न करतो तसंच. आतल्या हवेच्या वाटेसाठी पत्र्याचे सहा टेम्प्लेट कापले आणि गोल पटाशीने दोन्ही फाकी आतून कोरल्या. पटाशी मामांची. लाकडी मूठ त्यांच्या तळव्याने झिजून एका बाजूला चपटी झाली आहे आणि माझ्या हाताला अजून नीट बसत नाही. पण धार अशी की शिवणेचा कीस कागदासारखा निघतो.

संध्याकाळी दोन फाकी मिटवल्या, तोंडाशी टॉर्च धरला. उजेड मागच्या भोकातून बाहेर आला. हिला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, कोअर बॉक्ससारखंच झालंय की." ओतकामात पोकळी राखणारा वाळूचा गाभा म्हणजे कोअर, तो ज्यात घडवतात ती पेटी म्हणजे कोअर बॉक्स. एवढ्या वर्षांत तिनेही किती कोअर बॉक्स पाहिले.

४ ऑगस्ट

आज हातकाम नाही, हिशेब.

आतापर्यंत ९४ तास लागले. टा-१८३चं नियोजन असं होतं की एक विमान २,५०० मनुष्यतासांत व्हावं आणि उत्पादन भरात आलं की महिन्याला ३०० निघावीत. कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे आकडे नुसते वाचून सोडता येत नाहीत. २,५०० तास म्हणजे आठ तासांच्या ३१२ पाळ्या, एका माणसाचं अख्खं वर्ष. ३०० विमानं म्हणजे महिन्याला साडेसात लाख तास. महिन्याला २६ पाळ्या धरल्या तर ३,६०० माणसं, तीही फक्त याच एका कामावर.

आणि ही माणसं कोण असणार होती? त्या युद्धात जर्मनीच्या कारखान्यांत परदेशांतून जबरदस्तीने आणलेले लाखो लोक राबत होते. उपाशीपोटी, पहाऱ्यात. मी कधी ओव्हरटाइम नको म्हटला तर घरी जाऊ शकत होतो. त्यांना ते नव्हतं. कागदावरचे २,५०० तास अशा लोकांच्या अंगातून काढायचे होते.

म्हणून स्पष्ट लिहून ठेवतो. हे विमान उडालं नाही हे चांगलं झालं. ते उडालं असतं तर कदाचित युद्ध लांबलं असतं आणि आणखी माणसं मेली असती. मी घडवतोय ती त्याची रेघ, त्याचं जोडकाम, सुताराला आणि रचनाकाराला कळतं ते. त्या राजवटीचा मान नव्हे.

१८ ऑगस्ट

शेपूट. उभं शेपूट ६० अंश मागे झुकलेलं. तंतू कसे ठेवायचे यावर दोन दिवस गेले. नेहमीसारखे उभे ठेवले तर झुकलेल्या पात्यात ते तोकडे पडतात आणि पातं आडवं तुटतं. म्हणून झुकावाच्या दिशेनेच तंतू ठेवून काढलं. मुळाशी जाड, वर ३ मिलिमीटर.

माथ्यावरची आडवी शेपटी बघून वाटतं, ही फार लहान आहे, हिच्यावर विमान वर-खाली कसं होणार? पण ते काम तिचं नव्हतंच. ती फक्त तोल किंचित सुधारायला. नाक वर-खाली करायचं आणि कुशीवर वळायचं, दोन्ही कामं पंखांच्या मागच्या कडेच्या झडपांनी करायची. पंख एवढे मागे झुकल्यामुळे त्या झडपा विमानाच्या तोलबिंदूच्या बऱ्याच मागे पडतात, म्हणून ते जमणार होतं. नातवाला दारावरून समजावलं. बिजागरीपासून जितकं लांब ढकलशील तितका जोर कमी लागतो. त्याने दार दहा वेळा उघडलं-मिटलं.

३१ ऑगस्ट

शेपूट तुटलं. पॉलिश पेपर मारताना बाही अडकली आणि आडवी शेपटी सांध्यातून निघाली, वरचा कोपरा घेऊन. तीन दिवसांचं काम.

पण सांधा तुटला हे बघण्यासारखं होतं. लांब, पातळ, मागे झुकलेल्या काठीच्या टोकावर एक आडवी फळी, तीही लाकडाच्या आडव्या तोंडाला चिकटवलेली. माझ्या पॅटर्न शॉपमध्ये कुणी असा सांधा ठेवला असता तर मी आत रॉड घातल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नसतं. खऱ्या विमानात ताशी सुमारे साडेनऊशे किलोमीटर वेगाच्या हवेत याच जागी काय ताण आला असता, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

नवं पातं करून आत १.२ मिलिमीटर पितळी तार घातली, मुळापासून माथ्यापर्यंत आणि तिथून दोन्हीकडे.

७ सप्टेंबर

गणपती बसले. बेंचवर मखराचं सामान. काम अनंत चतुर्दशीनंतर.

२२ सप्टेंबर

कॉकपिटची काच. फुगीर घुमट, सगळीकडून दिसेल असा. शिवणेचा ठोकळा घडवला, त्यावर थंड पेयाची प्लॅस्टिक बाटली कापून चढवली आणि हॉट एअर गनने आकसवली. पहिली बाटली एका बाजूने पांढरी पडली. दुसऱ्या वेळी ठोकळ्याच्या तंतूंच्या रेघा आतून उमटल्या. ठोकळ्याला चार हात लॅकर दिला, बाराशे नंबरचा पेपर, मग मेण. तिसरी स्वच्छ निघाली. पातळ आहे, पण उजेडात रेघ दिसत नाही.

तोंडाभोवती चार ३० मिलिमीटर तोफांची भोकं. १:२०ने दीड मिलिमीटर. हाताच्या ड्रिलने पाडली, चारही सारखी.

१२ ऑक्टोबर, दसरा

काल खंडेनवमीला हत्यारं पुजली. रंधे, करवत, कानशी आणि मधे मामांची पटाशी. काल कशालाच धार लावली नाही, हात लावला नाही.

आज रंगाचा निर्णय. नातू म्हणाला, "आज्जा, ह्याच्यावर कुठल्या देशाचा बिल्ला काढायचा?" मी म्हटलं, कुठलाच नाही. जे विमान हवाई दलात गेलंच नाही त्याला बिल्ला कोण देणार? आणि ते चिन्ह माझ्या घरात मी काढणार नाही. त्याने का म्हणून विचारलं. त्याला ४ ऑगस्टचं पान वाचायला दिलं. वाचून तो गप्प बसला, मग म्हणाला, "मग लाकूडच दिसू दे."

तेच केलं. शिवणेवर नुसता लॅकर. फक्त हवेच्या वाटेचं तोंड आणि मागचं धुराचं भोक काळं. आमच्या शॉपमध्ये कोअर प्रिंट, म्हणजे पॅटर्नवरच्या कोअर टेकायच्या जागा, काळे रंगवायचे. काळं दिसलं की मोल्डरने, म्हणजे वाळूचा साचा करणाऱ्याने, समजायचं, इथे धातू जायचा नाही, ही जागा मोकळी राहणार.

२० ऑक्टोबर

चाकं बसवली. विमान मागे बसतं. अपेक्षित होतं. नाकात, हवेच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना शिशाचे तुकडे घातले, ७० ग्रॅमला पुढचं चाक टेकलं.

३० ऑक्टोबर

नातू आणि गल्लीतली पोरं दिवाळीचा किल्ला करतायत. यंदा राजगड. माती भिजवायला मला बसवलं. त्याने विचारलं की विमान बालेकिल्ल्यावर ठेवू का. नको म्हटलं. महाराजांच्या किल्ल्यावर मावळे शोभतात. त्याला ते पटलं.

रात्री त्याला उरलेली गोष्ट सांगितली. युद्धानंतर टांक अर्जेंटिनाला गेले. तिथे कोर्दोबाला पुल्की-२ नावाचं जेट केलं, ते १९५०ला उडालं. मागे झुकलेले पंख, उंच शेपटी, बघणाऱ्याला हुकेबाइन आठवतो. १९५६ला टांक भारतात आले. १७ जून १९६१ला विंग कमांडर सुरंजन दास यांनी बेंगळूरला मारुत उडवलं. मारुत ही टा-१८३ची नक्कल नव्हे. दोन इंजिनं, हवेची तोंडं दोन बाजूंना, शेपटी खाली, सगळं वेगळं. एकूण १४७ मारुत झाली आणि १९७१च्या युद्धात लढली. हव्या त्या ताकदीचं इंजिन त्याला कधी मिळालं नाही, याची खंत मामांना शेवटपर्यंत होती. त्याच मारुतच्या एका सुधारित रूपाच्या चाचणीत दास १९७०ला गेले. नातवाने विचारलं, "मामाआजोबांनी त्यांना बघितलं होतं?" मामांनी मला ते कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

९ नोव्हेंबर

लॅकरचा शेवटचा हात वाळला. वजन ५४० ग्रॅम. पंखविस्तार तीनदा मोजला, साध्या पट्टीने. ५००.

संध्याकाळी अनगोळचा माझा मित्र आला. २७ वर्षं तो मोल्डर, मी पॅटर्नमेकर, एकाच फौंड्रीत. माझे पॅटर्न त्याने वाळूत घातले, तेवढे कुणी घातले नसतील. चहा घेतला आणि विमान हातात मागितलं. काच, तोफा, चाकं, काही बघितलं नाही. सरळ उलटं केलं, अंगठ्याने पार्टिंग लाइन चाचपली, मग शेपटीच्या बाजूने बोट फिरवत वर गेला.

"ड्राफ्ट दिला न्हाईस की रे," तो म्हणाला. "वाळूतनं निघायचा न्हाई ह्यो."

"ओतायचा नाही हा."

त्याने ते परत सुलटं केलं, दोन्ही हातांत तोललं आणि बेंचवर ठेवलं. नाकाचं चाक आधी टेकेल असं.

एकूण तास: २३६.